शर्यत संपल्यानंतर

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना 'न फिरवल्यामुळे' असे एकच उत्तर देणाऱ्या चतुराची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. शर्यतीतून निवृत्त झालेल्या घोड्याला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. तो पुष्कळ फिरवलेला असतो. पण एकाच रीतीने.

हा घोडा २ वर्षांचा असतानाच धावपट्टीवर येतो. आखूड रिकिबींवर तोललेला, पुढे झुकलेला जॉकी त्याच्या परिचयाचा असतो. लगामाला ताण लागला की त्यावर भार टाकून वेग वाढवायचा, हे त्याच्या अंगवळणी पडते. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत बहुतेक घोड्यांची शर्यत संपते. आयुष्य मात्र २५ वर्षांपर्यंतचे असते. मग काही घोडे मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील, १९४२ साली स्थापन झालेल्या अॅमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांत रपेटीसाठी किंवा अडथळ्यांवरून उड्या घेण्यासाठी येतात. येथे स्वार खोगिरात पूर्ण बसतो, त्याचे पाय घोड्याच्या कुशीला टेकतात आणि लगाम ओढला की थांबायचे असते! काल ज्या खुणेचा अर्थ 'धाव' होता, तिचाच आज 'थांब' झाला. घोडा गोंधळला की आपण त्याला हट्टी ठरवतो. माझ्या मते हा अन्याय आहे. शिकलेले तो विसरत नाही, एवढाच त्याचा दोष. आणि ज्याची स्मृती इतकी पक्की, तो नवे शिकण्यास असमर्थ कसा?

त्याला शिकविण्याचा मार्ग संथ आहे. आधी विश्रांती. नंतर दातांच्या टोकदार कडा घासून घ्यायच्या, कारण तोंड दुखत असेल तर घोडा लगामाची कोणतीच भाषा ऐकत नाही. मग लांब दोरीवर, दोन्ही दिशांनी, वर्तुळात चालवायचे. पाठीचे स्नायू बदलले की खोगीरही पुन्हा बसवून पाहावे लागते. वयस्क घोड्याचे सांधे आखडतात. दुडकी चाल धरण्यापूर्वी त्याला बराच वेळ नुसते चालवावे लागते. (यातले बारकावे पुष्कळदा प्रशिक्षकाआधी मोतद्दाराला कळतात.) उतावीळ स्वार मात्र चाबूक उचलतो, आणि चाबकाचा एकच अर्थ ठाऊक असलेला घोडा भरधाव सुटतो.

असे शिक्षण न मिळालेला घोडा मिळेल त्या किमतीला विकला जातो. उद्या त्याच्या पाठीवर वरातीतला नवरदेव असेल, भोवती फटाके असतील. तेथे तो उधळला, तर दोष कोणाचा?

या शिक्षणाचा खर्च कोणी करावा, असे विचारले जाईल. मालकानेच, असे माझे स्पष्ट मत आहे. घोड्याने जिंकलेल्या बक्षिसात त्याचा स्वतःचा वाटा काहीच नसतो. तो काही महिन्यांच्या शिक्षणाच्या रूपाने द्यावा, आणि विक्रीपूर्वीच द्यावा. कारण एकदा दावे दुसऱ्याच्या हाती गेले की तो घोडा पुढे कोठे जाईल, हे मालकालाही सांगता येत नाही.