पत्ता शेवटाकडून वाचा
दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला पीएम-किसानच्या २००० रुपयांच्या हप्त्यासाठी ई-केवायसी करावीच लागते. ठग नेमके त्याच गरजेवर जाळं टाकतात. ‘हप्ता अडकला’ म्हणत आलेल्या लिंकमध्ये ‘पीएमकिसान’ दिसतं, पण ते नाव सुरुवातीला कोणीही जोडू शकतो. खरा मालक कळतो तो वेबपत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अगदी अलीकडे: तिथे ‘गव्ह डॉट इन’ हवं, ते सरकारी यंत्रणेलाच मिळतं. कुलपाचं चिन्ह आहे ना, असं कोणी म्हणेल. पण कुलूप फक्त वाटेतली चोरी रोखतं, पलीकडे चोरच बसला असला तरी ते दिसतंच. मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यावर पत्त्याचं शेपूट दिसत नाही, हेही खरं; म्हणून लिंक सोडून पत्ता स्वतः टाइप करावा. तरीही पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यातच गोठवली जाऊ शकते.