गच्चीवरचे ऊन आणि घरातली संमती

घरावर सौर पॅनेल बसविण्याचा विचार मनात येताच गृहस्थाला पहिली धास्ती वाटते ती सरकारी परवानगीची. ती आता पुष्कळशी निराधार झाली आहे. २०२४ साली वीजग्राहकांच्या हक्कांसंबंधीचे नियम दुरुस्त झाले. तेव्हापासून १० किलोवॅटपर्यंतच्या संचाला वीज कंपनीची तांत्रिक पूर्वतपासणी लागत नाही. अर्ज परिपूर्ण असला की तो मंजूर झाला असेच धरले जाते. संच उभा राहिल्यावर मात्र कंपनीने नेट मीटर बसवावा लागतो.

खर्चाचे गणितही अवघड नाही. किलोवॅटमागे सुमारे १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा हवी. त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे अधिकात अधिक ७८,००० रुपये अनुदान आहे. तीन किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी ३०० युनिट वीज देतो. समजा, त्याला १,८०,००० रुपये लागले आणि युनिटचा दर ७ रुपये असला, तर अनुदान वजा जाता उरलेले १,०२,००० रुपये साधारण चार वर्षांत भरून निघतात. अनुदान मात्र संच सुरू झाल्यानंतर बँकेत जमा होते. तोवरची तजवीज आपणच करावयाची.

खरा पेच घरातच असतो. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील आपल्या कित्येक जुन्या वाड्यांत विजेचे बिल अजून दिवंगत आजोबांच्या नावे येते आणि गच्ची चार चुलतभावांची सामाईक असते. अर्जदाराजवळ तर स्वतःचे छप्पर आणि चालू वीजजोडणी हवी. म्हणून आधी जोडणी वारसाच्या नावे करून घ्यावी, जुन्या छपराची मजबुती जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि भाऊबंदांची संमती लेखी घ्यावी. पॅनेल पंचवीस वर्षे राहावयाचे. तोंडी होकार तितका टिकेलच असे नाही. आज मुंबई-पुण्यास असलेल्या भावाचाही त्या गच्चीवर हक्क आहे, हे विसरू नये.

गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण घालतानासुद्धा आपण जावेला विचारतो. मग पाव शतकाची जागा अडविताना विचारण्याचा संकोच कशाला? सरकारचा होकार आता सुलभ झाला आहे. घरच्यांचा होकार त्याच्याही आधी मिळवावा, असे आम्हांस वाटते. घरात वीज यावी, वितुष्ट नव्हे.