देवाची डोलीही मुक्काम करीत चढते

आज अक्षय्य तृतीया. आपल्या वऱ्हाडात आज पितरांच्या नावे घागर पूजली जाते, पानात आंबरस वाढला जातो. याच तिथीला दूर हिमालयात यमुनोत्री व गंगोत्री या मंदिरांची दारे सहा महिन्यांनंतर उघडतात. केदारनाथ व बद्रीनाथ यांची दारेही याच सुमारास उघडतात. रब्बीचे धान्य घरात आलेले आणि खरिपाची पेरणी अजून दूर, अशा या दिवसांत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा व कारंजा या तालुक्यांतील अनेक घरे चारधामाची सिद्धता करू लागतात. शेजारच्या औंढा नागनाथाचे दर्शन घेतलेल्या, परळी व घृष्णेश्वर पाहिलेल्या आजी-आजोबांच्या मनात एकच इच्छा उरलेली असते, ती केदाराची.

ही इच्छा पुण्यप्रद आहे. परंतु तिच्या पूर्ततेच्या घाईत एक मोठा धोका दडलेला आहे, आणि सणाच्या दिवशीच त्याविषयी बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वाशीम समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, तर केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण इथल्याइतकेच असते. परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरतो. साहजिकच प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू तितकाच घटतो. शरीर याची सवय करून घेऊ शकते. श्वास वाढवते, रक्तात योग्य ते बदल घडवते. मात्र त्यासाठी त्याला काही दिवसांचा अवधी लागतो. तो न मिळाल्यास डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसू लागतात.

हा विकार केवळ वृद्धांचा, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. १९६२ च्या युद्धकाळात धडधाकट जवानांना सपाटीवरून एकाएकी हिमालयात न्यावे लागले. त्यानंतर भारतीय लष्करातील डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांमधील या विकाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. तरुण व निरोगी माणसालाही वेगाने चढविले तर तो आजारी पडतो, हे त्यातून जगापुढे आले.

पूर्वीचा यात्रेकरू हृषीकेशाहून पायी निघे, वाटेतील चट्ट्यांवर रात्री काढी आणि कित्येक दिवसांनी केदारास पोहोचे. त्याला हवेच्या दाबाचे शास्त्र ठाऊक नव्हते. तरी ती वाटच त्याचे शरीर तयार करीत होती. आज मोटाररस्ता गौरीकुंडापर्यंत जातो. २०१३ च्या महापुरानंतर बदललेली पुढील पायवाट सुमारे सोळा किलोमीटरची आहे, आणि हेलिकॉप्टर तर काही मिनिटांतच वर पोहोचविते. सोय झाली हे खरे. पण सोयीने जे दिवस वाचविले, ते शरीराच्या हक्काचे होते. २०२२ व २०२४ या दोन्ही वर्षी चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरूंचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेकांचे कारण हृदयविकार व तत्सम व्याधी हे होते. थंडी, चढण व विरळ हवा ही तिन्ही एकाच वेळी दुर्बल हृदयावर येतात, हे यावरून ध्यानी घ्यावे.

म्हणून यात्रा ठरविताना संयोजकास भाड्याच्या आधी एक प्रश्न विचारावा : रात्रीचे मुक्काम किती व कोठे? पहिली रात्र सुमारे १,३०० मीटरवरील गुप्तकाशीस, दुसरी सुमारे दोन हजार मीटरवरील गौरीकुंड परिसरात आणि मग केदार, हा क्रम हितकर होय. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये, असे या विषयाचे वैद्य सांगतात. केदारास हे पाळणे अवघड. म्हणूनच खालचे मुक्काम गाळू नयेत. हेलिकॉप्टरने जाणे झालेच, तर दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली उतरावे.

अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्राशिवाय यात्रेची परवानगी मिळत नाही. चारधामास निघणाऱ्याने हा नियम आपण होऊन स्वतःस लावून घ्यावा. मधुमेह, रक्तदाब, दमा वा हृदयविकार असणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांस भेटावे व नेहमीची औषधे वाटेत सोडू नयेत. उंचीचा त्रास टाळणारी गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच घ्यावी. चढणीच्या दिवशी निर्जळी उपवास करू नये. कापराची पुरचुंडी हुंगल्याने बरे वाटले, तरी तिच्यातून प्राणवायू मिळत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. देवाच्या दारी दुखणे सांगू नये, आपल्यापायी सोबतच्यांची यात्रा मोडू नये, म्हणून घरातील वडीलधारी माणसे डोकेदुखी लपवितात. सुना-मुलांनी ती रोज सकाळ-संध्याकाळ आपणहून विचारली पाहिजे. डोके दुखत असेल तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, ओठ निळे पडले, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता, सोबत देऊन, त्या माणसास खाली उतरवावे. प्राणवायूची नळकांडी तात्पुरता आधार देते. खरा उपाय खाली उतरणे हाच.

दर्शनावाचून परतल्याने संकल्प भंगतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. खुद्द केदारनाथाची उत्सवडोली उखीमठाहून निघते, तेव्हा ती एका दिवसात वर जात नाही. गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करीत ती धामी पोहोचते. आपल्या कारंज्यात जन्मलेल्या श्रीनृसिंह सरस्वतींनी बदरीवनाची वाट धरली आणि तीस वर्षांनी ते मातापित्यांच्या भेटीस परतले, असे गुरुचरित्र सांगते. तीर्थयात्रेला काळ लागतो, आणि घरी परतणे हाही तिचाच भाग असतो. देव जेथे थांबत थांबत चढतो, तेथे भक्ताने दोन दिवस अधिक घेतले तर त्यात उणेपणा कसला? यंदा राहिलेले दर्शन पुढल्या वैशाखात घेता येईल; त्यासाठी आजी मात्र सुखरूप घरी यावयास हवी.