‘स्वतंत्र काही लिहा’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

मराठी समीक्षाव्यवहारात काही वाक्ये अशी रूढ झाली आहेत, की ती मूल्यनिर्णयाचा आव आणतात. प्रत्यक्षात मात्र निर्णयाची जबाबदारी टाळतात. ‘आता स्वतंत्र काही लिहा’ हे त्यांतले एक. दुसऱ्या लेखकाच्या पात्रांवर जीव जडून कोणी एक दीर्घ कथा वर्षानुवर्षे वाढवतो, शेवटी धीर करून ती चार वाचकांपुढे ठेवतो, आणि त्याच्या पदरात हे वाक्य पडते. मूळ पात्राचे त्या कथेत काय झाले, कोठे ते उजळले, कोठे कथेचा तोल सुटला, याविषयी अक्षरही न उच्चारता सल्लागार मोकळा होतो. अशा लेखनाला ‘फॅन फिक्शन’ म्हणण्याचा प्रघात आहे. आपण सोयीसाठी ‘अनुकथा’ म्हणू. स्वातंत्र्याच्या अभावी अनुकथा नाकारणे हे सैद्धांतिकदृष्ट्या चूक आणि सांस्कृतिकदृष्ट्या अन्यायाचे आहे, आणि वाचकाचा प्रतिसाद हा तिच्या घडणीचाच भाग मानल्याखेरीज तिचे मूल्यमापन संभवत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

अनुकथा ही परदेशी टूम आहे, हा पहिला आक्षेप. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकानालिया’ हे नियतकालिक १९६७ साली काढले, आणि आधुनिक अनुकथेचा इतिहास बहुधा तेथून सांगितला जातो. त्याच वर्षी मराठीत शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. कर्ण सावंतांनी निर्माण केला नव्हता; तो त्यांनी आपलासा केला, त्याला बोलते केले आणि व्यासांच्या कथेतील रिकाम्या जागा भरल्या. या कृतीला आपण कादंबरी म्हटले आणि डोक्यावर घेतले. त्याआधी १९५९ साली खांडेकरांनी ‘ययाती’त हेच केले आणि १९७४ साली त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळाले. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे (१९७०) राजा लिअर उभा आहे, हे कोणी लपवले नाही. आणखी मागे गेल्यास एकनाथांचे अपुरे राहिलेले ‘भावार्थ रामायण’ गावबा या शिष्याने पूर्ण केले असे परंपरा सांगते. मोरोपंतांच्या नावावर अष्टोत्तरशत रामायणे आहेत, आणि त्यांतल्या एकात ओष्ठ्य वर्ण कटाक्षाने टाळले आहेत. एका कथेकडे इतक्या वेळा परतणाऱ्या कवीला ‘आता स्वतंत्र काही लिहा’ असे सांगण्याची आपली छाती नाही. तो सल्ला आपण नवख्यांसाठी राखून ठेवला आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. पुराणकथा सर्वांच्या, पण अर्वाचीन लेखकाच्या पात्राचे काय? समजा, ब्रह्मपुरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला ताडोबाच्या जंगलात आणून त्याची चारशे पानांची कथा रचली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क अबाधित राहतो. भागवत २००१ साली निवर्तले, म्हणजे २०६१ सरेपर्यंत या कथेचे पुस्तक काढून विकणे परवानगीवाचून शक्य नाही. हा निर्बंध रास्त आहे आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु तो विक्रीच्या आणि प्रकाशनाच्या व्यवहाराला लागू पडतो; त्यातून साहित्यमूल्याचा निकष निघत नाही. कायदा २०६२ साली दार उघडणार म्हणून तीच कथा त्या दिवशी वाङ्मय होईल आणि आदल्या दिवशी नव्हती, असे कोणताही समीक्षक म्हणणार नाही. मग आज तिच्याकडे न पाहण्याला आधार कोणता?

निकष हवाच असेल तर तो आपल्याच काव्यशास्त्रात आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात एका रचनेचे दुसरीशी असणारे सादृश्य तपासले आणि त्याला ‘संवाद’ अशी संज्ञा दिली. सादृश्य प्रतिबिंबासारखे असेल किंवा चित्रासारखे असेल तर ते त्याज्य. दोन देहधारी माणसे एकमेकांसारखी दिसावीत तसे असेल तर ग्राह्य, कारण तेथे दुसऱ्या देहात त्याचा स्वतःचा प्राण असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त पुढे याच दिशेने काव्यहरणाचे प्रकार वर्णिले. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारांनी ‘घेतले की नाही’ हा प्रश्न बाजूला सारून ‘घेतल्यावर काय झाले’ हा प्रश्न विचारला होता. आपण मात्र पहिल्याच प्रश्नापाशी थबकून त्याला आधुनिकता समजतो.

पाश्चात्त्य सिद्धांतनाने अनुकथेची बाजू घेतली, पण तिच्यासाठी निवडलेली प्रतिमा तपासून घेण्याजोगी आहे. मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० साली वाचनाला परक्या रानात शिरून केलेल्या चोरट्या शिकारीची उपमा दिली. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली चाहत्यांच्या लेखनावरील आपल्या ग्रंथाचे नावच या उपमेवरून ठेवले. उपमा गौरवाची आहे, तरीही तिच्यात एक गृहीत दडलेले आहे : रान कोणाचे तरी आहे आणि आत शिरणारा, कितीही लाडका असला, तरी चोर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाने हे गृहीत निमूटपणे का स्वीकारावे? रानात शिरणाऱ्याला चोर ठरवणे म्हणजे काय, हे या दोन जिल्ह्यांनी पुस्तकातून शिकलेले नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या वावर होता, तेथेच वनखात्याच्या नियमांनी माणसे अतिक्रमक झाली. त्याच गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड गावाला, २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. हा हक्क म्हणजे जंगल विकण्याची मालकी नव्हे. त्यात वापर आहे, तसे रक्षण आणि पुनरुज्जीवनही आहे; आणि प्रत्येक निर्णय सभेपुढे मांडून, अभ्यासगटांत खल करून, सर्वसहमतीने घ्यावा लागतो.

अनुकथाकाराचे स्थान चोरट्या शिकाऱ्याचे नसून अशा सामूहिक हक्कधारकाचे आहे. कथेच्या रानात त्याचा वावर हा वाचक म्हणून मिळालेला हक्क आहे. या हक्काबरोबर दोन कर्तव्ये येतात : ज्या रानातून घेतले त्याचे नाव न लपवणे, आणि जे केले ते सभेपुढे मांडून तिचे ऐकून घेणे. पहिले पाळले नाही तर ते वाङ्मयचौर्य. दुसरे टाळले तर तो स्वतःशीच खेळलेला खेळ.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही, हेही येथेच दिसते. गोंड समाजातील अनेकजण रावणाला आपला राजा आणि पूर्वज मानतात. दसऱ्याच्या दहनाला त्यांचा विरोध आहे. ज्यांच्या पूर्वजाला मूळ कथेने राक्षस ठरवले, त्यांच्यातील एखादी लेखिका ती कथा पुन्हा सांगू लागली, तर ‘स्वतंत्र काही लिहा’ या सल्ल्याचा अर्थ काय होतो? मूळ कथा आहे तशीच, आहे त्यांच्याच ताब्यात राहू द्या; तुम्ही दुसरीकडे कोठेतरी घर बांधा. स्वातंत्र्याच्या नावाने दिलेला हा सल्ला वस्तुतः हद्दपारीचा हुकूम आहे.

आता प्रतिसादाकडे वळू. संहिता लेखकाच्या टेबलावर पुरी होते आणि मग वाचक ती स्वीकारतो किंवा नाकारतो, अशी आपली छापील संस्कृतीतून आलेली समजूत आहे. झाडीपट्टीची रंगभूमी ही समजूत खोटी ठरवते. दिवाळीनंतर धान घरात आले की होळीपर्यंत वडसा अर्थात देसाईगंज येथील नाटक कंपन्या गावोगाव जातात. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने रात्री उशिरा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेच्या सुमारास संपतो. दंडारीच्या परंपरेवर वाढलेल्या या प्रेक्षकाला कथेचे साचे पाठ असतात. त्यामुळे पुढे काय घडणार यापेक्षा ते कसे घडवले, याला तो दाद देतो. त्याचा ‘वन्समोअर’ आणि त्याची चुळबूज, दोन्ही टीकाच आहेत, आणि पुढच्या गावचा प्रयोग त्या टीकेतून सुटत नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा नागर वर्तमानपत्रांनी या रंगभूमीची दखल घेतली. पण प्रेक्षकाच्या प्रतिसादातून संहिता कशी घडते, याचे शास्त्र मांडण्याची तसदी आपल्या समीक्षेने अजून फारशी घेतलेली नाही.

अर्थात प्रेक्षकशरणता हा प्रतिसादाचा आदर्श नव्हे. ‘वन्समोअर’साठी गाणे लांबवणे आणि त्यात प्रवेशाचा जीव जाणे हे झाडीपट्टीतही घडते, आणि अनुकथेतही वाचकाच्या लाडक्या पात्राला मरू न देण्याचा मोह असतोच. म्हणून ‘छान, आवडले’ हा प्रतिसाद ‘स्वतंत्र लिहा’ याचा सख्खा भाऊ होय. एकाने दार लावले जाते, दुसऱ्याने उंबऱ्यावरच हार घातला जातो. आत कोणीच येत नाही. ज्याने एका कथेला आयुष्याची काही वर्षे दिली, त्याला वाचकाकडून तीन प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा हक्क आहे. मूळ कथेतील कोणती पोकळी तुम्ही ओळखली? ती भरताना मूळ पात्राचा स्वभाव जपला की बदलला, आणि बदलला तर कथेने तो बदल कमावला का? आणि मूळ न वाचलेल्या वाचकापुढे ही कथा स्वतःच्या पायांवर उभी राहते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तरी कथा बाद होत नाही. तिचा वाचकवर्ग कोणता, एवढेच त्यातून निश्चित होते. हे प्रश्न विचारणे म्हणजेच आनंदवर्धनाचा निकष वापरणे : दुसऱ्या देहात प्राण आहे की नाही, हे हात लावून पाहणे.

असे प्रश्न विचारायला मूळही वाचावे लागते आणि अनुकथाही, म्हणजे दुप्पट श्रम पडतात. ‘स्वतंत्र काही लिहा’ या सल्ल्याच्या लोकप्रियतेचे खरे रहस्य या श्रमांच्या बचतीत आहे. साहित्यमंडळांनी, महाविद्यालयांनी आणि आपल्यासारख्या नियतकालिकांनी आपल्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांतून अनुकथा वेगळ्या काढून न वाचता परत करणे थांबवावे. छापता आल्या नाहीत तरी त्यांवर सविस्तर लेखी अभिप्राय द्यावा, कारण छापण्याला कायद्याची अडचण असेल, वाचण्याला नाही. अभिप्राय प्रतिकूल असला तरी चालेल. मेंढ्याच्या सभेतही माणसे एकमेकांना विरोध करतात. मात्र तेथे विरोध करण्यासाठी आधी सभेला येऊन बसावे लागते.