हरलेल्या सामन्यांचा धनी

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या इतिहासात सर्वांत अधिक सामने हरलेला प्रशिक्षक कोण, असा प्रश्न कोणी केला तर ऐकणाराच्या मनात एखाद्या सुमार कुवतीच्या माणसाचे चित्र उभे राहील. प्रत्यक्षात तो मान लेनी विल्कन्स यांचा आहे. त्यांच्या हाताखालील संघांनी १,१५५ सामने गमावले. परंतु त्याच संघांनी १,३३२ सामने जिंकले आणि हा आकडाही २०१० सालापर्यंत एन.बी.ए. स्पर्धेतील सर्वोच्च आकडा होता. बत्तीस हंगामांत एकूण २,४८७ सामने! इतक्या सामन्यांत बाकावर बसून संघाचे सारथ्य करण्याचा योग अन्य कोणालाही आलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये वयाच्या ८८व्या वर्षी विल्कन्स यांचे निधन झाले. प्रशिक्षकाच्या कर्तृत्वाचे मोजमाप करण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे, ती कितपत न्याय्य आहे, हे तपासून पाहण्यास त्यांच्याइतकी बोलकी कारकीर्द दुसरी सापडणे कठीण.

विल्कन्स मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले. वडील कृष्णवर्णीय, आई आयरिश वंशाची. ते पाच वर्षांचे असतानाच वडील वारले. शाळेच्या संघातून ते खेळले ते केवळ अखेरच्या वर्षी. एका धर्मोपदेशकाने शिफारशीचे पत्र लिहिले म्हणून प्रॉव्हिडन्स महाविद्यालयाचे दार त्यांना उघडले. या खेळात उंचीला काय महत्त्व असते ते सर्वश्रुत आहे. सहा फूट एक इंच उंचीचा हा डावखुरा गडी त्या ताडमाड मंडळींत ठेंगणाच म्हणावयाचा. पण चेंडू स्वतः जाळ्यात टाकण्यापेक्षा तो नेमक्या क्षणी नेमक्या सहकाऱ्याच्या हाती देण्याची कला त्यांना साधलेली होती. १९७५ मध्ये खेळणे थांबविले तेव्हा अशा साहाय्याच्या यादीत केवळ ऑस्कर रॉबर्ट्सन त्यांच्या पुढे होते. नऊ वेळा ते तारांकित संघात निवडले गेले.

१९६९ साली सिॲटल सुपरसॉनिक्स या नवख्या संघाने खेळाडू असतानाच विल्कन्स यांच्याकडे प्रशिक्षकपदही सोपविले. एन.बी.ए.मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले ते बिल रसेल यांच्यानंतरचे दुसरेच कृष्णवर्णीय. क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला कदाचित यात विशेष काही वाटणार नाही, कारण आपल्याकडे कर्णधार मैदानावरील बहुतेक निर्णय स्वतःच घेतो. बास्केटबॉलमध्ये मात्र कोणाला केव्हा आत घ्यावयाचे, कोणाला बाहेर बसवावयाचे, खेळ केव्हा थांबवून डाव बदलावयाचा, हा सारा भार प्रशिक्षकावर असतो. घामाने निथळत धावणाऱ्याने तोही वाहावयाचा, म्हणजे नाटकात भूमिका करता करताच दिग्दर्शन करण्यासारखे झाले. विल्कन्स यांनी ते केले. पहिल्या हंगामात ३६ विजय, दुसऱ्यात ३८, तिसऱ्यात ४७. चढण स्पष्ट होती. तरीही १९७२ मध्ये एकाच माणसाने दोन्ही कामे करू नयेत असे चालकांनी ठरविले. प्रशिक्षकपद दुसऱ्याला दिले गेले आणि विल्कन्स यांची रवानगी क्लीव्हलँड संघाकडे झाली. चालकांचा विचार तत्त्वतः चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण पुढे ही दुहेरी प्रथा लोपच पावली. पण विल्कन्स गेलेल्या पहिल्याच हंगामात सिॲटलचे विजय ४७ वरून २६ वर आले.

यानंतरचा प्रसंग अधिक उद्बोधक आहे. १९७४ मध्ये विल्कन्स पोर्टलंडचे प्रशिक्षक झाले. बिल वॉल्टन हा विलक्षण गुणवान उंच खेळाडू त्याच वर्षी संघात दाखल झाला होता. त्याच्या भोवती संघ बांधावयाचा होता. पण दुखापतींनी त्याला सुखाने खेळू दिले नाही. ८२ सामन्यांच्या हंगामात पहिल्या वर्षी तो ३५ सामने खेळला, दुसऱ्या वर्षी ५१. संघाने अनुक्रमे ३८ व ३७ सामने जिंकले आणि १९७६ मध्ये विल्कन्स यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी आलेल्या जॅक रॅम्से यांनी पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, पोर्टलंडला अजिंक्यपद मिळवून दिले!

वरवर पाहणाराला येथे निकाल लागल्यासारखे वाटेल. एक प्रशिक्षक गेला, दुसरा आला, संघ विजयी झाला. मग दोष कोणाचा हे सांगावयास हवे काय? रॅम्से हे खरोखरीच मोठे प्रशिक्षक होते आणि वॉल्टनचा खेळ त्यांनी खुलविला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या वर्षी वॉल्टन ६५ सामने खेळू शकला आणि बंद पडलेल्या प्रतिस्पर्धी व्यावसायिक संघटनेतून मॉरिस लुकाससारखा भक्कम जोडीदार संघाला लाभला, या दोन गोष्टी विल्कन्स यांच्या वाट्याला आल्या नव्हत्या. पेरणी एकाच्या काळात झाली, पाऊस दुसऱ्याच्या काळात पडला.

गंमत अशी, की पुढच्याच वर्षी हाच न्याय उलट्या बाजूने विल्कन्स यांच्या पदरात पडला. नोव्हेंबर १९७७ मध्ये सिॲटल संघ पहिल्या २२ सामन्यांपैकी १७ हरून बसला होता. तेव्हा पाच वर्षांपूर्वी ज्यांना दूर केले त्यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले. उरलेल्या ६० सामन्यांपैकी ४२ सामने विल्कन्स यांनी जिंकून दिले. त्यांनी काय केले? संघात नवे कोणी आणले नाही. आरंभीचे पाच खेळाडू बदलले. फ्रेड ब्राऊनसारख्या नामांकित नेमबाजाला बाकावरून आत येण्याची भूमिका दिली. जॅक सिक्मा या नवागतावर आणि गस विल्यम्स व डेनिस जॉन्सन या जोडीवर विश्वास टाकला. तो संघ थेट अंतिम फेरीत पोचला आणि सातव्या, निर्णायक सामन्यात वॉशिंग्टनकडून घरच्या मैदानावर १०५-९९ असा हरला. त्या सामन्यात डेनिस जॉन्सनने १४ वेळा नेम धरला आणि चौदाही वेळा तो चुकला. दुसऱ्या एखाद्या संघात त्या मुलाची गच्छंती झाली असती. सिॲटलमध्ये तो आपल्या जागी राहिला. १९७९ मध्ये त्याच वॉशिंग्टनला चार विरुद्ध एक सामन्यांनी नमवून सिॲटलने अजिंक्यपद पटकाविले आणि अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला तो डेनिस जॉन्सन.

आता या जॉन्सनला सिॲटलने निवडले केव्हा? १९७६ मध्ये. तेव्हा संघाची सूत्रे बिल रसेल यांच्या हाती होती. बॉस्टनचा हा अलौकिक खेळाडू चार हंगाम सिॲटलमध्ये राबला आणि अजिंक्यपदाविना परतला. त्यांच्या कारकिर्दीतील ही वर्षे साधारणतः अपयशाच्या खाती मांडली जातात. विल्कन्स यांच्या विजयात रसेल यांचा वाटा किती आणि रॅम्से यांच्या विजयात विल्कन्स यांचा किती, हे कोणताही तक्ता सांगत नाही. तक्त्यात शेवटचे नाव तेवढे असते.

विल्कन्स यांच्यावर घेतला जाणारा आक्षेप मात्र टाळता येण्यासारखा नाही. बत्तीस हंगामांत अजिंक्यपद एकच! त्यांनी ६ जानेवारी १९९५ रोजी ज्या रेड ऑअरबाख यांचा ९३८ विजयांचा विक्रम मोडला, त्यांच्या नावावर बॉस्टनची नऊ अजिंक्यपदे होती. तुलना विल्कन्स यांना लहान करणारी वाटते खरी. पण ऑअरबाख १९५० मध्ये बॉस्टनला आले आणि पहिले अजिंक्यपद त्यांना मिळाले १९५७ मध्ये, रसेल संघात आल्यानंतर. मधली सहा वर्षे हात रितेच होते. बॉस्टनच्या मालकांनी त्या काळात त्यांना घरी पाठविले असते, तर? पोर्टलंडने विल्कन्स यांच्यासाठी दोन वर्षे थांबण्याची तयारी दाखविली होती, त्यातही वॉल्टन निम्मा वेळ जायबंदी.

शिवाय भाग्याचाही प्रश्न आहेच. १९८८-८९ च्या हंगामात विल्कन्स यांच्या क्लीव्हलँड संघाने ५७ सामने जिंकले. बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात शिकागोशी गाठ पडली. निर्णायक सामन्यात तीन सेकंद उरले असताना क्लीव्हलँड एका गुणाने पुढे होते. मायकेल जॉर्डनने हवेत तरंगत शेवटचा चेंडू टाकला आणि शिकागो १०१-१०० असे जिंकले. त्या तीन सेकंदांत बाकावरच्या माणसाच्या शहाणपणात कोणती वाढ अथवा घट झाली?

विल्कन्स यांची निवड खेळाडू म्हणून १९८९ मध्ये आणि प्रशिक्षक म्हणून १९९८ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात झाली. एन.बी.ए.च्या पन्नासाव्या वर्षी पन्नास श्रेष्ठ खेळाडूंची आणि दहा श्रेष्ठ प्रशिक्षकांची अशा दोन याद्या सिद्ध करण्यात आल्या, त्या दोहोंत एकच नाव होते, ते त्यांचे. सिॲटलचा तो संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलविण्यात आला. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात त्या शहराने आपल्या क्रीडागृहाबाहेर विल्कन्स यांचा पुतळा उभारला. १९७२ मध्ये त्यांना परक्या संघाकडे धाडणारे शहर तेच.