दान गावास शहाणे करते की मिंधे?



आजकाल खेड्यात दानास तोटा नाही. कोणी पाट्यापुस्तके वाटतो, कोणी एक दिवसाचे औषधोपचाराचे शिबिर भरवितो, कोणी शाळेस खोली बांधून तीवर आपले नाव कोरतो. देणाऱ्याचे मन खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. उपाशी पोरास अन्न व आजाऱ्यास औषध मिळालेच पाहिजे. पण दाता माघारी गेल्यावर गावाच्या हाती काय उरते? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले. खेड्यापाड्यांतील बायांनी दळणातले मूठ मूठ धान्य बाजूस काढून दिले. मुलांनीही अंगमेहनत केली. मूठभर जोंधळे देणारी बाई आश्रित नव्हती. ती त्या संस्थेची मालकीण होती.

आरोग्याचेही तसेच. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेडास आले. नुसता दवाखाना बांधून ते रोग्यांची वाट पाहत बसले नाहीत. गावांनीच निवडून दिलेल्या बायांस त्यांनी शिकविले. पुष्कळजणींस अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. स्वच्छ बाळंतपण कसे करावे, मुलाचे वजन कसे पाहावे, जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, हे त्या शिकल्या. डॉक्टर रात्री आपल्या घरी जातो. शिकलेली बाई गावातच असते. जे ज्ञान शिकलेल्यांच्या कपाटात कोंडून होते, ते चुलीपाशी आले. खरे दान ते हेच.

मात्र दानाच्या आडून सरकारास सुटू देऊ नका. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गावर होतो. शाळा व दवाखाना हे आपल्या पैशाचे आपणास येणे आहे, भीक नव्हे. दात्याने खोली बांधली म्हणून मास्तराची जागा रिकामी राहिली तरी चालेल, किंवा शिबिर झाले म्हणून सरकारी दवाखान्यात औषध नसले तरी चालेल, असे कोणी म्हणू लागल्यास त्यास ग्रामसभेत जाब विचारा.

म्हणून दाता वेशीवर आला म्हणजे त्यास मान द्या, पण शाल-नारळाआधी तीन प्रश्न विचारा. यातून आमच्या गावातील कोण शिकणार? तुम्ही गेल्यावर हे कोण चालविणार? यात आमचा वाटा कोणता? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण द्यावयाचे आहे. पैसा नसेल तर धान्य द्या, धान्य नसेल तर सुताराने बाक दुरुस्त करावा, गवंड्याने भिंत सावरावी. ज्या कामात आपली मूठ पडली, त्याचा हिशेब मागण्यास आपली जीभ अडखळत नाही.