ऊसनोंदीचे ॲप आणि शेजारचा कारखाना

कराड आणि वाळवा हे तालुके दोन जिल्ह्यांत असले, तरी ऊसपट्टा एकच. रेठरे बुद्रुकचा कृष्णा आणि साखराळ्याचा राजारामबापू असे कारखाने इथे शेजारी-शेजारी गाळप करतात. शेतकऱ्याचा कल साहजिकच वेळेत तोड देणाऱ्याकडे. त्यामुळे ऊसनोंद वहीतून मोबाइलवर आली, हे योग्यच झाले. चिटबॉय म्हणजे कारखान्याचा शेतावरचा कर्मचारी बांधावरून फिरून जीपीएसने क्षेत्र मोजतो. गट नंबर, लागणीची तारीख, वाण ८६०३२ की २६५, आडसाली की खोडवा, सारे तिथेच भरतो. त्यावरून तोडणी कार्यक्रम लागतो.

पण कारखान्याच्या संचालक मंडळापुढे अशा ॲपचा प्रस्ताव ठेवताना आपण फक्त फायद्याचे कोष्टक दाखवतो. शेजाऱ्याने त्याच कंपनीचे तेच ॲप घेतले, की आघाडी सरली. देखभालीचे वार्षिक बिल आणि जोखीम मात्र राहते.

जोखीम कसली? कोणत्या शिवारात कोणाचा किती ऊस कधी पक्व होणार, ही यादी शेजारी कारखान्याला सोन्याच्या भावाची. पूर्वी ती गट ऑफिसच्या कपाटातल्या जाड वह्यांत होती. आता एका फाइलमध्ये मावते आणि व्हॉट्सॲपवर क्षणात जाते. त्यात संपूर्ण गट ऑफिसचा पासवर्ड एकच असेल, तर फाइल कोणी काढली हे लॉग पाहूनही कळत नाही. हॅकरची वाट कशाला पाहायची?

दुसरी जोखीम पुरवठादाराची. जुलै २०२४च्या अखेरीस बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. किरकोळ देयकांचे जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला आपल्या जाळ्यापासून तोडले आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडले. त्यांत सहकारी बँकाही होत्या. त्यांचा दोष एवढाच, की सेवा तिथून घेतली होती. हेच ऐन हंगामात वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचे झाले, तर यार्डात वाहने तुंबतील, तोडलेला ऊस वाळून वजन घटेल, उताराही घसरेल. शेतकऱ्याला एफआरपी चुकती करण्याची १४ दिवसांची मुदत सर्व्हर बंद पडला म्हणून थांबत नाही.

यंत्रणा बदलण्याच्या संदर्भात वारणा साखर कारखान्याच्या परिसराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९८मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. त्याचा मोठा गाजावाजा झाला, पण संगणक केंद्रांचा खरा उपयोग होत राहिला तो ऊस आणि खतांच्या नोंदींसाठी. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत संगणकाऐवजी एसएमएस वापरून पाहिला आणि काम कमी खर्चात भागले. यंत्र बदलता आले, कारण गरज काय आहे हे तोवर नेमके कळले होते. आपल्यापैकी किती जणांच्या करारात, पुरवठादार बदलल्यास सारी नोंद वापरता येईल अशा स्वरूपात परत देण्याचे कलम आहे?

बॉयलर पेटण्याआधी दोन कामे उरका. प्रत्येक चिटबॉयला स्वतंत्र लॉगिन द्या आणि नोकरी सोडणाऱ्याचे त्याच दिवशी बंद करा. चाचणी गळितात एक पाळी मुद्दाम सर्व्हर बंद ठेवून, हातपावतीवर काटा चालवून पाहा. पावतीपुस्तके आधी छापून घ्यावी लागतील.